घड्याळाऐवजी बोलण्यावरून व्यायामाची तीव्रता ओळखा

तीव्र आणि सौम्य टप्प्यांच्या व्यायामाने कमी वेळात दमश्वास वाढतो खरा, पण वेगाचा टप्पा पुरेसा वेगवान आहे की नाही, हे अनेकांना कळत नाही.

१. पाच मिनिटे साधे चालून अंग गरम करावे.
२. मग ३० सेकंद इतक्या जोराने धावावे किंवा सायकल चालवावी, की एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. गप्पा मारता येत असतील, तर तो टप्पा सौम्यच समजावा.
३. त्यानंतर सुमारे ९० सेकंद, किंवा पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईपर्यंत, सावकाश चालावे.

अशा सहा फेऱ्या पुरतात. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.