सायलेन्सर फाटल्यासारखा वाजतोय?

लगेच नवा सायलेन्सर टाकू नका. सकाळी इंजिन थंड असताना गाडी उघड्यावर सुरू करा अन् सोबतच्याला जाड ओलं फडकं मागच्या नळीवर दोन-चार सेकंद दाबायला सांगा. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. जोडापाशी काजळीचा काळा डागही दिसतो. बॉनेटखालची टिकटिक इंजिन तापल्यावर कमी झाली, तर बहुधा मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे जोडातली सीलची पट्टी, गेलेली असते. धरमपेठ-सीताबर्डी एवढ्याच जवळच्या फेऱ्या असतील तर सायलेन्सरात पाणी साचून आतून गंज चढतो. बारीक भोक वेल्डिंगने भागतं. पण थंड पत्रा दाबल्यावर भुगा पडला, तर वेल्डिंगचे पैसे पाण्यात. नागपूरच्या मे महिन्यात काचा बंदच असतात, त्यामुळे दुरुस्ती लांबवू नका. गळतीतून आत शिरू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.