पंप नुसता घुमायचा, फिरायचा नाही

बटण दाबलं की घुंऽऽ आवाज, पण पाण्याच्या पंपाची मोटर जागची हलत नव्हती. एआयला आधी 'पंप बिघडलाय' एवढंच सांगितलं, तर त्याने ढीगभर शक्यता पुढे केल्या. मग नीट लिहिलं: आवाज येतो, वीज बंद करून शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) हाताने फिरवला तर मोकळा फिरतो. लगेच उत्तर आलं, आधी कपॅसिटर (वीज साठवून मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) तपासा.

वीज तोडली, रेझिस्टर लावून कपॅसिटर डिस्चार्ज केला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली (हे कधीच टाळू नका, बंद मोटरचाही झटका बसतो) आणि मल्टिमीटर लावला. कपॅसिटरवर क्षमता छापलीय १० मायक्रोफॅरॅड, मीटर दाखवतोय जेमतेम ३. छापलेल्या क्षमतेचा, त्याच व्होल्टेजचा नवा बसवला. पहिल्याच झटक्यात पंपाने पाणी ओढलं!