कारवानीच्या मानेतून पट्टा निसटायचा, त्याची गोष्ट

आमचा राजा म्हणजे कारवानी जातीचा कुत्रा. दिवाळीत रस्त्यावर सुतळी बॉम्ब फुटला, हा चार पावलं मागे सरकला, मान खाली घातली आणि पट्टा माझ्या हातात! तासाभराने शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडला, थरथरत.

पट्टा ढिला असेल म्हणून एक भोक आवळलं, तर खोकायला लागला. मग शिवणकामाची टेप काढली. मान १५ इंच, कानांमागून डोकंही १५च. गोम इथेच होती. लॅब्रॅडॉरचं डोकं मानेपेक्षा चांगलंच रुंद, पट्टा कानापाशी अडतो. कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड यांचं डोकं निमुळतं. पट्ट्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली की मागे ओढल्यावर तो सरळ निघून येतो.

उपाय म्हणजे मार्टिंगेल पट्टा. मोठ्या वेढ्याच्या दोन टोकांना कड्या, त्यांतून ओवलेला छोटा वेढा, आणि दोरी त्या छोट्या वेढ्याला. ओढ लागली की मोठा वेढा मानेपुरता आवळतो, सैल सोडली की मोकळा. फक्त माप नीट लावायचं: पूर्ण आवळल्यावरही दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर पट्टा मोठा आहे, पुन्हा निसटणार. मी दीड इंच रुंदीचा घेतला, अरुंद पट्टी त्या पातळ कातडीला काचते.

घरी आलो की पट्टा काढून खुंटीला. तो छोटा वेढा कशात अडकला तर फास बसू शकतो. नावाचा बिल्ला वेगळ्या हलक्या पट्ट्यावर लावलाय. राजाला दोन्ही आवडत नाहीत.