डिझेल गाडीवाल्यांनो, निदान या चुका तरी टाळा

गॅरेजमध्ये डिझेल गाडी कामाला आली की बॉनेट उघडायच्या आधी मी एकच विचारतो: रोज किती चालवता? ‘फार नाही हो, मुलांना शाळेत सोडायचं, बाजार, झालं’ असं उत्तर आलं की निम्मं निदान तिथंच होतं. उरलेलं निम्मं डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, सांगते.

छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल घेणं

ही चूक गाडी घेतानाच होते आणि तिची किंमत पुढे हप्त्याहप्त्याने मोजावी लागते. आजच्या डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्यातल्या नळ्या एकाआड एक पुढून आणि मागून बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. साठलेली काजळी तिथंच जाळायची असते आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअसची धग लागते. दर काही शे किलोमीटरनंतर इंजिन जादा डिझेल सोडून ही धग स्वतःच तयार करतं. आम्ही त्याला रीजन म्हणतो. दहा-वीस मिनिटांचं काम. पण तुमची फेरीच आठ मिनिटांची असेल तर भट्टी पेटायच्या आतच तुम्ही गाडी बंद करून घरात गेलेले असता.

एक निवृत्त गृहस्थ असेच आले होते. गाडी तीन वर्षांची, आतून-बाहेरून लख्ख, डॅशबोर्डवर नारंगी दिवा. ‘सेन्सरचं काहीतरी आहे, तेवढा दिवा घालवून द्या,’ म्हणाले. मी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. गृहस्थ खूश. ‘बघा, थेंबभर ऑइल खात नाही माझी गाडी!’

‘खात नाही ते ठीक, काका. पण वाढतं कसं?’

ऑइल बोटावर घेऊन त्यांच्या नाकाशी धरलं. डिझेलचा भपकारा. रीजनसाठी उशिरा सोडलेलं डिझेल सगळंच काही धुराबरोबर जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजन अर्धवट तुटलं की पुढच्या खेपेला गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा डिझेल, पुन्हा ओघळ. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं झिजतात. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं आणि चावी फिरवूनही थांबत नाही. हा प्रकार मी एकदाच पाहिलाय. पुन्हा बघायची हौस नाही.

दिवा लागल्यावर कुणीतरी त्यांना सल्ला दिला होता, दारातच उभी करून रोज अर्धा तास रेस करत जा. त्यांनी तो इमानेइतबारे पाळला. पण उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, धुरात पुरेशी धग येत नाही. काजळी मात्र येतच राहते. म्हणजे गाळणी साफ करण्याच्या नावाखाली ते ती भरत होते.

आधी ऑइल बदललं, मग स्कॅनर लावून मोकळ्या जागेत सक्तीचं रीजन केलं, खालचा पालापाचोळा झाडून. त्यानंतर ऑइल पुन्हा बदललं. दुसऱ्यांदा बदलायची गरज नाही म्हणणारे आहेत. म्हणू देत. मी बदलतो.

डिझेल घेऊन बसलाच असाल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या, एक गिअर खालचा ठेवून, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या वर. आणि रीजन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका: आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं चढं, तापल्याचा वास, गाडी बंद केल्यावरही गरगरणारा पंखा. असं दिसलं की घराला आणखी एक वळसा घाला.

गाळणीच काढून टाकणं

‘भरतेय ना? मग काढूनच टाका की!’ हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. आतलं पोळं फोडायचं, रिकामा डबा परत वेल्ड करायचा आणि ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, खोटं प्रोग्रॅमिंग करायचं, की दिवा लागतच नाही. पैसे वाचल्याचा आनंद तुमचा, काजळी मागच्या स्कूटरवाल्याची. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच नक्की केलंय. काजळीचा कण केसाच्या जाडीपुढे कुठल्या कुठे लहान असतो. नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. मी हे काम करत नाही. दुसरीकडून करून आणलेल्या गाडीचंही घेत नाही.

जुनी डिझेल घेताना सायलेन्सर गार असल्याची खात्री करा आणि टोकाच्या आत बोट फिरवा. गाळणी धड असेल तर बोटाला फारतर राखाडी धूळ लागते. बोट कोळशासारखं काळं निघालं तर गाळणी फुटलेली आहे किंवा गायब आहे. विकणारा काय सांगतो ते नंतर ऐका.

धूर दिसत नाही, म्हणजे गाडी स्वच्छ

काजळी दिसते, नायट्रोजनची ऑक्साइडं दिसत नाहीत. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून ती तयार होतात आणि बाहेर उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो. दमेकऱ्यांना दोन्ही बाधतात. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं ते याच वायूंवरून. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. त्यानंतर २०१७ पासून युरोपात नव्या मॉडेलांची रस्त्यावर चालवूनही तपासणी सुरू झाली.

हे वायू मारायला बऱ्याच गाड्यांत डीईएफ लागतं, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. शेतातला युरिया घरी बादलीत कालवून ते होत नाही. आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलंत तर चावीला हात लावू नका, गाडी ओढून न्या.

पर्याय निवडतानाची घाई

डिझेलला कंटाळलेला माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातो. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि वायर लावून चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेली गाडी, घेतो आणि चार्जिंगची वायर डिकीत प्लास्टिकसकट पडून राहते. मग ती जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडीच झाली. युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली, तेव्हा अशा गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. रोज रात्री वायर लावायचा आळस असेल तर साधी हायब्रिड घ्या, तिला वायर लावावी लागत नाही. शहरातल्या थांब-चालीत ती उत्तम.

पेट्रोल म्हणजे काजळी नाही, हाही गैरसमजच. डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी इंजिनंही बारीक कण सोडतात, म्हणून त्यांनाही आता गाळण्या बसू लागल्यात. घरी चार्जिंगची सोय आणि ठरलेल्या फेऱ्या असतील तर इलेक्ट्रिक घ्या, माझं तरी हेच मत. धूर शून्य. ब्रेकची पूडही कमी, कारण वेग बराचसा मोटरच आवरते. टायर मात्र झिजतात, गाडी जड असते.

आणि ज्याला रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवेच तुडवायचाय, त्याची चालू स्थितीतली नवी डिझेल घाईने विकायला लावणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिची गाळणी रोज आपोआप भाजून निघते.

किरकोळ, पण रोजच्या

‘डीपीएफ क्लीनर’ची बाटली टाकीत ओतून गाळणीतली राख जात नाही. काजळी जळते, राख जळत नाही, ती गाळणी काढूनच धुवावी लागते.

ऑइल लो-ॲशच, म्हणजे कमी राख सोडणारंच घाला. स्वस्त डबा घातलात तर गाळणीत राख लवकर साठते.

सकाळी पाच मिनिटं उभ्या जागी इंजिन गरम करू नका. निघा, पहिले दोन किलोमीटर हळू चालवा.

पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तर आतली हवा आत फिरवायचं बटण दाबा, आणि तो मागे पडला की ते बंद करायला विसरू नका, नाहीतर थोड्या वेळाने जांभया सुरू होतात.