रिव्हर्स टाकला की बोट डावीकडे ओढायची

बेलापूरच्या खाडीत आमची छोटी शिडाची बोट मी कायम नाळ (बोटीचं पुढचं टोक) आत करून लावायचो. आत जाणं सोपं, पण निघताना रिव्हर्स टाकला की मागची बाजू डावीकडे सरकून शेजारच्या बोटीला घासायची. दोनदा रंग गेला. वाटलं, सुकाणू ढिलं झालंय. पाना घेऊन बसलो, तर दिवाळे कोळीवाड्यातले काका म्हणाले, "सुकाणू कशाला खोलतोस रे? आधी पंखा बघ."

मागून पाहिलं तर आमचा पंखा, म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला प्रोपेलर, पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. रिव्हर्सला तो उलटा फिरतो आणि मागची बाजू डावीकडे ढकलतो. बोट वेग घेईपर्यंत सुकाणूवरून पुरेसं पाणीच जात नाही, म्हणून ते ऐकत नाही.

आता मी मागची बाजू आत घेतो, धक्का बोटीच्या डाव्या बाजूला ठेवून. जरासा रिव्हर्स, लगेच न्यूट्रल, पुन्हा जरासा. तीच ओढ मला धक्क्याला टेकवते. बोट घासू नये म्हणून टायर आधीच बांधलेले, आणि पहिला दोर बोटीच्या मधल्या खुंट्याचा. उधाणाच्या ओहोटीत मात्र पाणी मंदावेपर्यंत मी बाहेरच थांबतो. जागा उथळ असेल तर नाळच आत ठेवा. पंखा आणि सुकाणू मागे असतात, आणि आपल्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो.