अंत्यविधीची व्यवस्था कोणावर सोपवायची? सोलापूरकरांसाठी कामाची माहिती

अंत्यविधीचं सगळं काम एकाच छताखाली करणारा माणूस सोलापुरात शोधायला गेलात तर बराच वेळ जाईल. इथं काम पाच-सहा जणांच्या हातून होतं: मृत्यूचं कारण लिहून देणारे डॉक्टर, शीतपेटी आणि शववाहिकेवाला, साहित्याचा दुकानदार, स्मशानभूमीतले कर्मचारी, गुरुजी किंवा (लिंगायत घरांत) जंगम स्वामी, आणि शेवटी महापालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय. ‘तुम्ही फक्त बसा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणारे ठेकेदार आता मिळतात आणि त्यातले काही नेटकं काम करतात. पण तेही याच लोकांना फोन लावतात. त्यामुळे ठेकेदार घेतलात किंवा नाही घेतलात, कोणाला काय विचारायचं हे घरातल्या एकाला तरी ठाऊक हवं.

आधी फोन करणारा ठरवा

मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या हातात त्या दिवशी फोन देऊ नका. जावई, भाचा, शेजारी, मित्र यांच्यातले दोघं निवडा: एकाकडे फोन आणि पैसे, दुसऱ्याकडे कागदपत्रं. मृताचं आधार कार्ड, दवाखान्याची फाईल आणि ज्याच्या नावाने अर्ज करायचा त्याचं आधार कार्ड एका पिशवीत घालून ती पिशवी दुसऱ्याच्या खांद्याला लावा. हे ठरलं नाही की चार जण चार ठिकाणी फोन करतात, दारात दोन गाड्या उभ्या राहतात आणि दोघंही पैसे मागतात. त्यात गाडीवाल्यांची चूक नसते.

पहिला कागद डॉक्टरांचा

या कागदाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना 4 आणि घरी झाला तर नमुना 4अ, हे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. ज्या डॉक्टरांनी शेवटच्या आजारात उपचार केले त्यांनी हे प्रमाणपत्र शुल्क न घेता द्यायचं, असं जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 सांगतो. घरी येण्याची फी वेगळी, ती द्यावी. ज्यांनी पेशंटला कधी तपासलंच नाही ते डॉक्टर सही करायला कचरतात, आणि ते बरोबर आहे. अशा वेळी जुनी फाईल, चिठ्ठ्या, रिपोर्ट दाखवून नेहमीच्या डॉक्टरांनाच गाठा. ते मिळाले नाहीत तर सिव्हिलला न्यावं लागतं आणि शवविच्छेदनाचा प्रश्न निघू शकतो.

‘इतके द्या, दाखला आणून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला तिथंच राम राम करा. पेशंट न पाहिलेल्या डॉक्टरांच्या सहीवर पुढे विम्याचा दावा अडकतो, आणि तेव्हा हा माणूस फोन उचलत नाही.

अपघात, भाजणं, विषबाधा, आत्महत्या, पडून झालेला मृत्यू किंवा काही संशय असेल तर आधी पोलिसांना कळवायचं. पंचनामा, शवविच्छेदन आणि पोलिसांचं पत्र झाल्याशिवाय स्मशानभूमीत पुढचं काम होत नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू झाला तर चौकशी अधिक काटेकोर असते. इथं ‘ओळखीने मिटवतो’ म्हणणारा माणूस तुम्हाला मदत करत नसतो.

रुग्णालयाचं बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवला, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. बिलाचा वाद वेगळा, देह ताब्यात घेणं वेगळं. शांतपणे पण लेखी मागा.

किती वेळ थांबायचं

सोलापूरच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, कारण मुलं पुण्यात, मुंबईत किंवा त्याहून लांब असतात. पुण्याहून यायला रस्त्याने साडेचार-पाच तास लागतात. हिवाळ्यात तेवढं पंख्याखाली निभावतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. तेव्हा चार तासांहून जास्त थांबायचं असेल तर शीतपेटी लगेच मागवा. देह आधी सहा तास तसाच ठेवून मग पेटीत ठेवला तर पेटीचा उपयोग फारसा होत नाही, आणि लोक दोष पेटीला देतात.

पेटीवाल्याला तीन गोष्टी विचारा. भाडं तासावर की दिवसावर? पेटी दारात येईपर्यंत थंड झालेली असेल ना? वीज गेली तर काय? पेटी लावायला जाड पिनेचा, पंधरा अँपियरचा प्लग लागतो का तेही विचारा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो दारापाशी नसतो आणि मग पातळ एक्स्टेन्शन वायर तापते. बर्फाची लादी हा पर्याय आहे, पण लादी अंगाखाली न ठेवता बाजूंनी लावा आणि पाणी जाईल अशी सोय करा.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला कळवा. देहदानासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी बोला. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत.

गाडीवाला आणि ठेकेदार कसा पारखायचा

108 ही जिवंत रुग्णासाठी आहे, शववाहिका वेगळी. महापालिकेची, समाजाच्या ट्रस्टची आणि खाजगी अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या मिळतात. आपल्या समाजाच्या किंवा गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षांना आधी विचारा. त्यांच्याकडे नंबर असतो, दर ठरलेला असतो आणि पुन्हा तोंड दाखवायचं असल्याने कोणी फारसं लबाडी करत नाही.

इंटरनेटवर नंबर शोधलात तर सावध राहा. सगळ्यात वर दिसणारा नंबर बऱ्याचदा दुसऱ्या शहरातल्या मध्यस्थाचा असतो. तो सोलापुरातल्याच गाडीवाल्याला फोन करतो आणि मधले पैसे खातो. ओळखायचं कसं? एकच प्रश्न पुरतो: ‘गाडी आत्ता कुठं उभी आहे?’ सात रस्ता, पार्क चौक, अशोक चौक असं काही उत्तर चटकन आलं तर माणूस इथला. ‘पाठवतो, तुम्ही आधी पैसे टाका’ असं आलं तर फोन ठेवा. रुग्णालयाच्या फाटकाशी हातात कार्ड देणाऱ्यालाही हाच प्रश्न.

मग भाव. ‘पॅकेज किती?’ असं विचारू नका, त्यात काय धरलं आणि काय सोडलं ते कधीच कळत नाही. एकेक बाब विचारा आणि कागदावर लिहा: गाडीची फेरी, थांबण्याचे पैसे किती तासांनंतर सुरू, पेटीचं भाडं, साहित्य, लाकूड किंवा विद्युत-गॅस दाहिनीचं शुल्क, उचलणाऱ्या माणसांची मजुरी, दक्षिणा. लिहिलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला पाठवा आणि ‘हो’ म्हणायला सांगा. चांगला माणूस ‘हो’ म्हणतो, दुसरा चिडतो.

बिलात ‘जीएसटी 18 टक्के’ अशी ओळ दिसली तर विचारा. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांच्यावर हा कर लागतच नाही. कापडासारख्या विकत घेतलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी.

आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकी काम झाल्यावर. यूपीआयवर दिसणारं नाव आणि समोरच्याने सांगितलेलं नाव एक आहे का ते बघा.

साहित्य: कमी घ्या, बरोबर घ्या

तिरडीसाठी सात-आठ फुटांचे दोन हिरवे, जाड बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, कापूर, तूप, हार, गुलाल-बुक्का, तुळस. एवढ्यात भागतं. बांबू अंगठ्याएवढाच जाड असला तर जिन्यातून उतरताना मधोमध वाकतो. दुकानातच एक टोक जमिनीवर टेकवून दाबून बघा. चंदनाच्या नावाखाली काय दिलं जातं याची खात्री कोणी देत नाही, त्यामुळे तुकडा घ्या, किलोने घेऊ नका. घरातल्या रीतीप्रमाणे काय लागतं ते जाणत्या बाईमाणसाला विचारून यादी करा. दुकानदाराला विचारलंत तर यादी लांबते.

लाकूड की दाहिनी

मोदी आणि रूपाभवानी ही स्मशानभूमींची नावं सोलापुरात सर्वांच्या तोंडी आहेत. कुठलीही ठरवा, पण घरून निघण्याआधी तिथं माणूस पाठवा किंवा फोन करा: दाहिनी आज चालू आहे का, पुढे किती नंबर आहेत, लाकूड आत मिळतं की बाहेरून आणायचं? देह गाडीत ठेवून दाराशी कळलं की दाहिनी बंद आहे, तर मग समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो.

लाकडावर करायचं असेल तर मध्यम बांध्याच्या देहाला 300 ते 350 किलो लाकूड लागतं, जड देहाला 400 पर्यंत. पावसाळ्यात पन्नासेक किलो वाढवा. फसवणूक वजनात कमी आणि ओलाव्यात जास्त होते: ओलं लाकूड काट्यावर जड भरतं, म्हणजे पाण्याचे पैसे आपण देतो, आणि वर ते जळतही नाही. दोन ओंडके एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड टणक वाजतं, ओलं बद्द वाजतं. टोकांना भेगा गेलेल्या असाव्यात आणि साल हाताने सुटावी. बाभूळ, कडुलिंब चांगलं जळतं.

रचताना खाली जाड ओंडके, त्यांच्यामध्ये हवा जाईल एवढी फट, फटीत गोवऱ्या आणि बारीक काटक्या. छाती आणि कंबर सगळ्यात उशिरा जळतात, म्हणून वरचं जाड लाकूड तिथं ठेवायचं. बरेच जण ते पायांवर टाकतात आणि मग संध्याकाळी कर्मचाऱ्याला बांबूने सारवासारव करावी लागते. पेटलेल्या चितेवर रॉकेल, पेट्रोल ओतायचं नाही, भडका ओतणाऱ्याच्या अंगावर येतो. तूप आणि कापूर पुरतो. पूर्ण जळायला चार ते सहा तास लागतात.

विद्युत किंवा गॅस दाहिनीत साधारण एक ते दीड तासात काम होतं, पण भट्टी गार असेल तर तापायला वेळ लागतो. तो त्या दीड तासात धरलेला नसतो. आमच्या मते वेळ आणि खर्च दोन्ही बघता सोलापूरच्या पावसाळ्यात दाहिनीच बरी. कपालक्रिया, मडकं फोडणं, पाणी देणं हे विधी दाहिनीच्या दारात करता येतात. गुरुजींना तसं आधी सांगून ठेवा.

दाहिनीसाठी एक नियम कधीच मोडू नका: पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यायचा. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते, भट्टीचं नुकसान होतं आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. हे काम रुग्णालयातच होतं, म्हणून देह ताब्यात घेतानाच सांगा. बाकी अंगावरचे दागिने, चष्मा, खिशातला मोबाइल, अख्खा नारळ, प्लास्टिकच्या माळा, रुग्णालयाची प्लास्टिकची पिशवी काढून टाका. नायलॉनच्या साडीपेक्षा सुती बरी. देह खूप जड असेल तर कर्मचाऱ्याला आधी सांगा.

लिंगायत घरांत दफन होतं, देहाला ‘विमान’ म्हणजे सजवलेल्या पालखीत बसवून नेतात आणि समाधीत इष्टलिंगासह (अंगावर धारण केलेल्या लिंगासह) बसतं ठेवतात. तिथं लाकडाचा प्रश्न नाही, पण खड्डा कोण खोदणार, मजुरी किती आणि जागेची परवानगी कोणाकडून, हे समाजाच्या विश्वस्तांना निघण्याआधी विचारायला हवं. आयत्या वेळी खडक लागला की दोन-तीन तास जातात.

पावती, अस्थी आणि नोंद

स्मशानभूमीतून निघताना पावती हातात घ्या. त्यावर मृताचं नाव, वय, तारीख आणि वेळ तिथंच वाचून बघा. घरी मृत्यू झाला असेल तर नोंदणीला हीच पावती आणि नमुना 4अ लागतो. ठेकेदार ‘नंतर देतो’ म्हणाला तर उरलेले पैसेही नंतर.

अस्थी घेण्याची वेळ ठरवून घ्या. दाहिनीतून दोन-तीन किलो अस्थी-राख मिळते. ट्रे पूर्ण खरवडल्याशिवाय पुढचा देह आत घेऊ नये, म्हणून एकाने तिथं उभं राहावं. चितेवरच्या अस्थी बहुधा तिसऱ्या दिवशी सावडतात. पाणी शिंपडून गार करा आणि मातीच्या मडक्यात किंवा पितळी कलशात घ्या. गरम राख प्लास्टिकच्या पिशवीत टाकली तर पिशवी वितळते. विसर्जनासाठी बरेच जण दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर जातात, काही पंढरपूरला. उन्हाळ्यात जाण्याआधी पाण्याची चौकशी करा, उजनीतून पाणी सोडलेलं नसेल तर भीमेचं पात्र उघडं पडतं. दुधाच्या पिशव्या आणि प्लास्टिकचे हार नदीत टाकू नका.

नोंद 21 दिवसांत फुकट होते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि स्वतः सही केलेला (स्वसाक्षांकित) कागद, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. एजंट लागत नाही.

नावाच्या स्पेलिंगकडे मात्र डोळे फाडून बघा. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड वळणाची आडनावं मराठीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात; आधारवर एक, बँकेत दुसरं, दवाखान्याच्या फाईलवर तिसरं. रुग्णालयाने अर्ज पाठवण्याआधीच आधारप्रमाणे नाव लिहून द्या. नंतर दुरुस्ती होते, पण त्यासाठी पुरावे आणि हेलपाटे दोन्ही लागतात. मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम काढून ठेवा: बँक, विमा, पेन्शन, वारस नोंद, सातबारा किंवा सिटी सर्व्हे, प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात.