कायदा शिकवणाऱ्या शिक्षकांची कार्यशाळा: आधी काय काय जमवायचं

दोन दिवस, पस्तीस-चाळीस शिक्षक, विषय कायदा आणि मानवी हक्क, ठिकाण पुणे. एवढं ठरलं की बहुतेक आयोजक आधी पाहुण्यांची यादी करायला बसतात. उद्घाटनाला कोण, समारोपाला कोण. ती यादी शेवटी करा, राहिली तरी काही बिघडत नाही. मी अशा कार्यशाळा बरीच वर्षं घेतोय आणि दर खेपेला काही ना काही विसरतोय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

हॉल बघायला स्वतः जा. फोनवर "शंभर माणसं आरामात बसतात" असं सांगतात, आणि गेल्यावर कळतं की खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत. तसल्या हॉलमध्ये भाषण होतं, आपलं काम होत नाही. आपल्याला हवी मोकळी फरशी, सतरंज्या, गुडघे धरलेल्यांसाठी दहा-बारा सुट्या खुर्च्या आणि कागद चिकटवला तर कोणी ओरडणार नाही अशा भिंती. भिंतीचं आधीच विचारून घ्या. सदाशिव किंवा नवी पेठेत जुन्या संस्थांचे असे हॉल मिळतात, पण गाड्या लावायची बोंब. भोर-पुरंदरकडचे शिक्षक स्वारगेटला उतरतात, तिथून एका रिक्षात पोचता आलं तर सकाळचा अर्धा तास वाचतो. तारीख धरताना २६ नोव्हेंबरच्या आसपासचा आठवडा टाळा. संविधान दिनाची प्रभातफेरी, वाचन, वक्तृत्व, सगळं त्याच शिक्षकाच्या गळ्यात असतं.

आता कागद. जुना गठ्ठा तसाच झेरॉक्सला टाकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. एफआयआरचं कलम १५४ होतं, ते आता १७३ झालं. मी एकदा जुनंच पत्रक वाटलं. मागे बसलेल्या एका बाईंनी हात वर करून अगदी शांतपणे सांगितलं, "सर, माझा मुलगा लॉला आहे, तो म्हणतो हे कलम आता गेलं." त्यानंतर दिवसभर मी काहीही सांगितलं की निम्मा हॉल आधी बाईंकडे बघत होता. प्रत्येक पत्रक एका वकिलाकडून तपासून घ्या आणि खाली तपासल्याची तारीख टाका. उद्देशिकेच्या प्रती मात्र काढू नका, ती बालभारतीच्या पुस्तकात छापलेलीच असते. शिक्षकांना आपापलं नागरिकशास्त्राचं पुस्तक आणायला सांगा. शेवटी शिकवायचं त्यातूनच आहे.

सर्वांत जास्त विचार पहिल्या तासाचा करा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घालतं. तिथून सुरुवात केलीत तर हॉल आखडतो. "म्हणजे मुलांना काही बोलायचंच नाही का? सगळे हक्क मुलांनाच, आम्हाला काही आहेत की नाही?" हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, आणि तो चुकीचाही नाही. म्हणून मी त्याच कायद्याचं कलम २७ आधी घेतो. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडली तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असं ते सांगतं. पाच-पाचचे गट करा, गेल्या वर्षभरात शाळेबाहेरची कोणकोणती कामं केली ती एकेका चिठ्ठीवर लिहायला सांगा, मग भिंतीवर दोन रकाने: कायद्यात बसणारी आणि न बसणारी. दहा मिनिटांत हॉल तापतो. कायदा हा आपल्याही बाजूचा कागद आहे हे हाताला लागलं की कलम १७ वाचताना आवाज वेगळा येतो. क्रम उलटा केला तर हाच वेळ भांडणात जातो, मी ते करून बघितलंय.

‘एक पाऊल पुढे’ हा खेळ घेणार असाल तर चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या. सगळे एका रेषेत उभे राहतात, प्रत्येकाकडे एका काल्पनिक माणसाची चिठ्ठी असते: वीटभट्टीवरच्या कुटुंबातली बारा वर्षांची मुलगी, कोथरूडमधल्या डॉक्टरांचा मुलगा, ऊसतोडीला जाणारी बाई, हिंजवडीतली इंजिनियर, व्हीलचेअरवरचा कॉलेजकुमार, येरवड्यातल्या कच्च्या कैद्याची बायको. आपण एकेक वाक्य वाचायचं, जसं "काही अडचण आली तर मी न घाबरता पोलीस चौकीत जाऊ शकतो", आणि आपल्या माणसाला ते लागू पडत असेल तर एक पाऊल पुढे जायचं. शेवटी कोण कुठे उभं आहे ते दिसतं. सुरुवातीच्या काळात मी हा खेळ चिठ्ठ्यांशिवाय, स्वतःच्या आयुष्यावरून घेतला होता. "घरात पुस्तकांचं कपाट होतं त्यांनी पुढे या", "शाळेत जाताना पायात चप्पल होती त्यांनी पुढे या". एक सर शेवटपर्यंत भिंतीला टेकूनच उभे राहिले. मला वाटलं, खेळ छान रंगला. चहाला ते जवळ आले आणि म्हणाले, "इथपर्यंत यायला मला तीस वर्षं लागली. तुम्ही दहा मिनिटांत परत मागे नेऊन उभं केलंत, आणि तेही सगळ्यांसमोर." उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून चिठ्ठ्या, आणि खेळ संपल्यावर ती चिठ्ठी फाडून टोपलीत टाकायची, म्हणजे माणूस भूमिकेतून बाहेर येतो. टोपली विसरू नका.

खेळाला वीस मिनिटं धरली तर नंतरच्या चर्चेला चाळीस धरा. कापाकापी करायची वेळ आली तर खेळ कापा. चर्चेचे प्रश्न कागदावर लिहिलेले असावेत, तेही क्रमाने: आधी काय वाटलं, मग काय दिसलं, मग असं का झालं, आणि कायदा सगळ्यांत शेवटी. आपण शिक्षक मंडळी थेट कायद्यावर उडी मारतो. त्या उडीला अडवणारं एक उदाहरण खिशात ठेवा. मी हे वापरतो: एका सोसायटीने पाटी लावली, घरकाम करणाऱ्या बायकांनी मुख्य लिफ्ट वापरू नये. सगळे ओरडतात, "कलम १४!" मग राज्यघटनेतलं ते समानतेचं कलम मोठ्याने वाचायला लावा. ते बंधन राज्यावर, म्हणजे सरकारवर आहे. सोसायटी म्हणजे राज्य का? शांतता. मग कलम १५ चा दुसरा भाग: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते. त्यात लिफ्ट बसते का? आणि पाटीमागे जात असेल तर राज्यघटनेचं कलम १७? अस्पृश्यतेची बंदी खाजगी माणसालाही बांधते. इथे हॉलमध्ये दोन तट पडतात, पडू द्या. याचं तुमचं उत्तर काय, असं विचारतील, तेव्हा लगेच सांगू नका.

जमलं तर हा कलम १५ चा भाग हॉलमध्ये वाचूच नका. गंज पेठेत फुलेवाड्यात जा. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो तिथेच आहे. हौदाच्या कडेला उभं राहून "विहिरी, तलाव" हे शब्द एखाद्या शिक्षकाने वाचले, आणि ते राज्यघटनेतून लागू व्हायला त्यानंतर ८२ वर्षं लागली हे दुसऱ्याने फक्त मोजून सांगितलं, की आपण गप्प बसायचं. रिक्षाचे पैसे अंदाजपत्रकात धरा.

दुसऱ्या दिवशी अभिरूप न्यायालय. त्याला तीन तास द्या. खटला असा निवडा की दोन्ही बाजूंना बोलायला जागा राहील. माझा आवडता: तेरा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर किराणा दुकानात बसतो, दुकानदार म्हणतो, मी त्याचा मामा. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत मात्र चालते. कुटुंबात आईचा भाऊ धरलाय. मग उलटतपासणी रंगते: मामा सख्खा की चुलत? हजेरीपत्रकात मार्चमध्ये गैरहजेरी किती? हजेरीपत्रक, रेशनकार्ड, दुकानाची वही असे खोटे कागद आधी बनवून ठेवा, एखाद्या कागदात मुद्दाम चूक ठेवा आणि ती सापडते का बघा. निरोपात एवढं जरूर लिहा, की आपल्याकडच्या न्यायाधीशांपुढे हातोडा नसतो. एका बाईंनी हौसेने घरून खलबत्त्यातला बत्ता आणला होता आणि सभागृहाच्या टेबलाची काच गेली. भरपाई आम्हीच केली.

मदतीला लॉ कॉलेजची चार-पाच मुलं बोलवा, पुण्यात त्यांना तोटा नाही. १९७२ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवू लागले, तिथूनच ही पद्धत पसरली. मुलांना एकच ताकीद द्या: भाषण नको, प्रश्न विचारा.

एक तयारी वापरावी लागू नये अशी असते. मुलांवरच्या अत्याचाराचा विषय निघाला की कोणीतरी हळूच म्हणतं, "माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला सांगितलंय." त्यासाठी एक समुपदेशक दोन्ही दिवस हॉलमध्ये हवा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे तुम्हाला पाठ हवं, पण त्या क्षणी त्या शिक्षकाला बाजूला नेणारा माणूस आधी हवा. मुलीचं, गावाचं, शाळेचं नाव हॉलमध्ये येऊ द्यायचं नाही. मुलांसाठी १०९८ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे दोन आकडे मोठ्या अक्षरात दारापाशी लावा. भिंतीवर नको, तिथे कागदांच्या गर्दीत हरवतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या जाहीरनाम्यात मानवी हक्कांच्या शिक्षणाबद्दल म्हटलंय की ते हक्कांविषयी असावं, हक्कांसाठी असावं आणि शिकवण्याच्या रीतीतही हक्क पाळले जावेत. तिसरी गोष्ट आपण चहाच्या वेळी मोडतो. कप आपोआप बाया उचलतात आणि गटाचं सादरीकरण आपोआप पुरुष करतात. जबाबदाऱ्यांचा तक्ता आदल्या रात्री करा, चहासकट.

बाकी किरकोळ: कार्डशीट, स्केचपेन, मास्किंग टेप (साध्या चिकटपट्टीने रंग निघतो), कात्री, घंटा. शाळांना कार्यमुक्तीची पत्रं पंधरा दिवस आधी. आणि प्रमाणपत्रं पहिल्या रात्रीच सही-शिक्क्यासकट तयार ठेवा, नावं हजेरीवरून एकेक तपासून. नाहीतर दुसऱ्या दिवशी चारला, चर्चा ऐन रंगात असताना, जुन्नरची एसटी पकडायची असलेले आठ जण दाराशी उभे राहतात आणि विचारतात, "सर, सही कोणाची घ्यायची?"